रुग्णालय रिकामे करण्याची घटिका

२००५ साली अवघ्या महिन्याच्या अंतराने दोन महानगरे पाण्याखाली गेली. २६ जुलै रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई जागच्या जागी थबकली. २९ ऑगस्टला कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. मुंबईच्या त्या दिवसाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, चौकशा झाल्या, अहवाल आले. न्यू ऑर्लिन्सच्या बातम्याही त्या वेळी वाचल्या गेल्या. परंतु तेथील मेमोरियल मेडिकल सेंटर या रुग्णालयात त्या आठवड्यात जे घडले, त्याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही. कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी या नद्यांच्या काठची शहरे दर पावसाळ्यात पाण्याच्या पातळीकडे डोळे लावून बसतात आणि त्याच काठांवर आपली रुग्णालयेही उभी आहेत. त्यामुळे तो विचार करणे अगत्याचे आहे.

मेमोरियल हे काही आडगावातील मोडकळीस आलेले इस्पितळ नव्हते. १९२६ साली सुरू झालेली ती शहरातील मान्यवर संस्था होती. वादळाची वर्दी आली की तेथील कर्मचारी आपली मुलेबाळे, वृद्ध आईवडील, इतकेच काय पाळलेली कुत्री-मांजरेदेखील घेऊन रुग्णालयात मुक्कामाला येत. भक्कम इमारत, अन्नपाण्याचा साठा, स्वतःचे जनरेटर. यापेक्षा सुरक्षित जागा शहरात कोणती असणार, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. २८ ऑगस्टला महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला, त्यातून रुग्णालये वगळण्यात आली होती. दोनशेहून अधिक रुग्ण आणि एकूण सुमारे दोन हजार माणसे इमारतीत राहिली. सोमवारी वादळ आले, काचा फुटल्या, शहराची वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि वादळ पुढे सरकले. संकट निभावले, असे सर्वांना वाटले.

खरे संकट त्यानंतर आले. शहराचे रक्षण करणारे बंधारे फुटले होते. मंगळवारी रस्त्यांवर पाणी चढू लागले, तेव्हा रुग्णालयाच्या तांत्रिक विभागाला ठाऊक असलेली एक गोष्ट व्यवस्थापनाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. जनरेटर तग धरू शकले असते; पण त्यांची वीज इमारतीत वळवणाऱ्या स्विच यंत्रणेचा काही भाग जमिनीपासून जेमतेम काही फूट उंचीवर होता. तेथवर पाणी पोहोचले की सारे संपणार होते. ही उणीव पूर्वी दाखवून देण्यात आली होती. ती दूर करायला खर्च होता आणि तो पुढे ढकलला गेला होता. रुग्णालय रिकामे करण्याचा निर्णय झाला तो मंगळवारी, म्हणजे रस्ते पाण्याखाली गेल्यावर. बुधवारी पहाटे दोनच्या सुमारास जनरेटर बंद पडले.

पुढचे दोन दिवस त्या इमारतीत काय चालले होते, याची कल्पनाच केलेली बरी. लिफ्ट बंद, पंखे बंद, व्हेंटिलेटर बंद. खिडक्या उघडता न येणाऱ्या, म्हणून हवेसाठी काचा फोडाव्या लागल्या. उकाडा असह्य झालेला. रुग्णाला अंधाऱ्या जिन्यातून उचलून खाली आणायचे, यंत्रखोलीच्या भिंतीतील एका अरुंद भगदाडातून पलीकडच्या वाहनतळात सरकवायचे, तेथून गाडीने वर न्यायचे आणि मग लोखंडी जिन्याने, कित्येक वर्षे वापरात नसलेल्या हेलिपॅडवर चढवायचे. एकेका रुग्णामागे इतकी माणसे आणि इतका वेळ लागत होता की हेलिकॉप्टर येऊनही रुग्ण तयार नसत आणि रुग्ण तयार असताना हेलिकॉप्टर नसे. डॉक्टरांनी रुग्णांचे तीन गट केले. जे चालू शकतात ते आधी, ज्यांना आधाराची गरज आहे ते नंतर, आणि जे अतिशय गंभीर आहेत किंवा ज्यांनी अखेरच्या क्षणी पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत असे लिहून दिले आहे, ते सर्वांत शेवटी. गुरुवारी, १ सप्टेंबरला इमारतीतील जिवंत माणसे बाहेर पडली. त्यानंतर दहा दिवसांनी तेथून ४५ मृतदेह बाहेर काढण्यात आले.

यांपैकी अनेक मृतदेहांत मॉर्फिन व झोपेच्या औषधाचे अंश सापडले. २००६ च्या जुलैत एक शल्यविशारद महिला आणि दोन परिचारिका यांना अटक झाली. वर्षभराने ज्युरींनी आरोप ठेवण्यास नकार दिला आणि प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मिटले. शेरी फिंक या पत्रकार-डॉक्टरने त्यावर केलेल्या दीर्घ शोधकामाला २०१० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या इंजेक्शनांविषयी अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद झाला, आजही होतो. वेदनाशमन कोठे संपते आणि मृत्यू घडवून आणणे कोठे सुरू होते, हा प्रश्न खरोखरच गहन आहे. मात्र त्या वादाच्या धुरळ्यात त्याहून साधा आणि म्हणूनच अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. पाच दिवस न झोपलेल्या, घामाने निथळणाऱ्या डॉक्टरांना बुधवारी आणि गुरुवारी जे निर्णय घ्यावे लागले, ते त्यांच्यावर आले कारण शनिवारी व रविवारी घ्यावयाचा निर्णय कोणी घेतलाच नव्हता. शनिवारी रस्ते कोरडे होते. लिफ्ट चालू होत्या. रुग्णवाहिका धावत होत्या. मग रुग्णालय तेव्हाच का रिकामे झाले नाही?

या प्रश्नाला हलगर्जीपणा हे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. न्यूयॉर्कचे उदाहरण पाहिले की निर्णय घेणाऱ्याची खरी कोंडी उमगते. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन नावाचे वादळ त्या शहराच्या दिशेने येत होते. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या प्रशासनाने सखल भागांतील रुग्णालये आधीच रिकामी करवली. ईस्ट नदीकाठचे एनवाययू लँगोन हे मोठे रुग्णालयही त्यांत होते. प्रत्यक्षात वादळ भीतीपेक्षा सौम्य निघाले. रुग्ण परत आले, बिले आली, आणि एवढा खटाटोप कशासाठी केला, हा सूर निघायचा तो निघालाच. चौदा महिन्यांनी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सँडी हे वादळ आले. त्या वेळी नदीकाठच्या बहुतेक रुग्णालयांनी जागेवरच थांबावे असे ठरले. २९ ऑक्टोबरच्या रात्री ईस्ट नदीचे पाणी तळघरांत शिरले. लँगोनची वीज गेली. तीनशेहून अधिक रुग्ण त्या वादळी रात्री जिन्यांवरून खाली आणावे लागले. त्यांत नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील २० अर्भके होती. परिचारिकांनी त्यांना कवेत धरले होते आणि काहींना हाताने फुगा दाबत श्वास दिला जात होता. सुदैवाने आणि त्या परिचारिकांच्या धैर्याने कोणी दगावले नाही. शेजारच्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते. पण त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात! ते बुडाल्यावर सैनिक व कर्मचाऱ्यांनी जिन्यावर रांग करून हातोहात इंधन वर चढवले. अखेर तेथील सातशेहून अधिक रुग्णांनाही हलवावे लागले. त्याच परिसरातील माजी सैनिकांचे रुग्णालय मात्र वादळापूर्वीच, दिवसाउजेडी, रिकामे करण्यात आले होते.

आयरीनच्या वेळी घेतलेला निर्णय चुकला होता काय? मुळीच नाही. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो योग्यच होता. परंतु संकट टळले की ते टळणारच होते असे लोकांना वाटू लागते आणि सावध माणूस भित्रा ठरतो. त्या ठपक्याची धास्ती पुढच्या निर्णयाच्या वेळी मनात घर करून बसते. आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. एखाद्या वैद्यकीय अधीक्षकाने हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून पन्नास रुग्ण दुसऱ्या गावी हलवले आणि पाऊस पडलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत काय मथळे येतील, विरोधी पक्षाचा स्थानिक पुढारी कोणते निवेदन देईल आणि रुग्णांचे नातेवाईक कोणत्या भाषेत बोलतील, याची कल्पना कोणीही करू शकेल. मग तो अधीक्षक काय करतो? वाट पाहतो. वरिष्ठांना दूरध्वनी करतो. वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांना करतात. पाणी मात्र कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही.

म्हणून केव्हा निघायचे, याचे गणित आधी समजून घ्यायला हवे. समजा, नदीकाठच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात २० रुग्ण आहेत. व्हेंटिलेटरची सोय असलेल्या चार रुग्णवाहिका मिळाल्या. उंचावरच्या दुसऱ्या रुग्णालयापर्यंत जाणे, तेथे रुग्ण सोपवणे आणि परत येणे यांना दोन तास लागतात. म्हणजे पाच फेऱ्या, दहा तास. आणि तेही सारे सुरळीत झाले तर. इतर वॉर्डांतील रुग्ण वेगळेच. यात आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. रुग्णालयाच्या पायरीला पाणी लागण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या रस्त्याचा सर्वांत सखल तुकडा पाण्याखाली जातो. पंचगंगेच्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच दिवसच्या दिवस बंद राहिल्याचे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेव्हा पाणी दाराशी केव्हा येईल हा हिशेब उपयोगाचा नाही. रस्ता केव्हा तुटेल, त्याच्या दहा तास आधी पहिली रुग्णवाहिका निघायला हवी. त्या घटिकेला अंगण कोरडे असेल. कदाचित ऊनही पडलेले असेल. योग्य वेळी घेतलेला निर्णय त्या वेळी नेहमीच अनावश्यक भासणार, ही या विषयातील मूळ अडचण आहे. ज्या निर्णयाची आवश्यकता सर्वांना पटलेली असते, तो बहुधा उशिराचा असतो.

मात्र यावरून धोका दिसताच धावत सुटावे, असा अर्थ कोणी काढू नये. रुग्णाला हलवणे हाच एक धोका आहे. जपानमधील ओकुमा गावचे फुताबा रुग्णालय हे त्याचे विदारक उदाहरण. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पातून किरणोत्सर्गाची भीती निर्माण झाली. हे रुग्णालय प्रकल्पापासून पाच किलोमीटरच्या आत होते. चालू शकणारे दोनशेवर रुग्ण दुसऱ्या दिवशीच बसमधून निघाले. मागे राहिले ते अंथरुणाला खिळलेले वृद्ध. १४ मार्चला त्यांच्यापैकी अनेकांना, शेजारच्या वृद्धनिवासातील वयस्करांसह, साध्या बसमध्ये बसवण्यात आले. किरणोत्सर्गाचे क्षेत्र टाळत दोनशे किलोमीटरहून अधिक वळसा घेऊन ती बस एका शाळेच्या व्यायामगृहात पोहोचली. सोबत पुरेशी वैद्यकीय माणसे नव्हती. काही जण बसमध्येच गेले. रुग्णालय आणि वृद्धनिवास मिळून चाळिसांहून अधिक माणसे त्या स्थलांतरात व त्यानंतर दगावली. किरणोत्सर्गाने नव्हे, थंडी, तहान, औषधांचा खंड आणि प्रवासाचा शीण यांनी. भरीस भर म्हणजे रुग्णालयाचे कर्मचारी रुग्णांना सोडून पळाले, असे प्रांताच्या प्रशासनाने आरंभी जाहीर केले. पुढे ते विधान दुरुस्त करावे लागले. मिनामिसोमा शहरातील वृद्धनिवासांचा नंतर अभ्यास झाला. स्थलांतरानंतर तेथील मृत्युदर पूर्वीच्या सुमारे २.७ पट झाल्याचे त्यात आढळले. मात्र सर्व निवासांत ही वाढ सारखी नव्हती. जेथे काळजीपूर्वक तयारी करून माणसे हलवली गेली, तेथे फरक पडला होता.

मेमोरियल थांबल्यामुळे माणसे गेली, फुताबा निघाल्यामुळे गेली. वरवर पाहता ही दोन उदाहरणे परस्परविरोधी वाटतात. तशी ती नाहीत. दोन्हीकडे निर्णय तयारीवाचून झाला. कोण आधी, कोण नंतर, कोठे, कशातून, कोणाबरोबर, कोणती औषधे आणि कोणते कागद घेऊन, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी ऐन वेळी शोधावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही होऊ शकतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

रुग्णांच्या क्रमाचा प्रश्नही आधीच सोडवून ठेवण्यासारखा आहे. न्यू ऑर्लिन्समध्येच चॅरिटी हे सरकारी रुग्णालय होते, गोरगरिबांचे. त्याचीही वीज गेली, तेही पाण्याने वेढले गेले, मदत तर त्याला अधिकच उशिरा मिळाली. तरीही तेथे मृत्यू तुलनेने फारच थोडे झाले. तेथील डॉक्टरांनी अत्यवस्थ रुग्णांना मागे ठेवण्याचे धोरण स्वीकारले नव्हते. यात तत्त्वाचा भाग आहेच, पण व्यवहाराचाही आहे. यंत्रावर जगणारा रुग्ण लिफ्ट चालू असेपर्यंतच सुखरूप खाली येऊ शकतो. चालता येणाऱ्याला नंतरही जिना उतरता येतो. तेव्हा पाणी चढत असेल तर व्हेंटिलेटरवरचे रुग्ण, अर्भके आणि शस्त्रक्रिया नुकतीच झालेली माणसे सर्वांत आधी निघाली पाहिजेत. डायलिसिसच्या रुग्णांना तर पूर येण्याची वाटही पाहण्याचे कारण नाही. त्यांना दोन-तीन दिवसांआड यंत्र लागणारच, हे आजच ठाऊक असते. नियोजित शस्त्रक्रिया थांबवणे, घरी जाऊ शकणाऱ्यांना घरी पाठवणे, ही पावले इशारा मिळताच उचलता येतात आणि संकट टळले तरी त्यात फारसे काही गमावले जात नाही.

आपल्याकडे हे मुळीच जमत नाही असे नाही. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळात हजारो माणसे गमावली. त्या दुःखातून त्या राज्याने जे शिकून घेतले, ते साऱ्या देशाने पाहावे असे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दाना चक्रीवादळ येण्यापूर्वी तेथील प्रशासनाने बाळंतपण जवळ आलेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांना किनाऱ्यावरील गावांतून आरोग्यकेंद्रांत आणून ठेवले होते. त्या काळात त्यांपैकी दीड हजारांहून अधिक सुखरूप बाळंत झाल्या. कोणत्या गावात कोणती स्त्री कितव्या महिन्यात आहे, ही नोंद ‘आशा’ कार्यकर्तीकडे असते. ती नोंद आणि वादळाचा अंदाज कोणीतरी शेजारी ठेवून वाचला, इतकेच. भुजचे उदाहरणही आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तेथील जिल्हा रुग्णालय कोसळले आणि ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी ते नाहीसे झाले. त्या जागी रबर व शिशाच्या आधारांवर, जमिनीचा धक्का वर पोहोचू नये अशा रीतीने नवी इमारत उभी राहिली आणि २००४ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तिचे उद्घाटन केले. रिकामे करण्याची वेळच येऊ नये असे रुग्णालय बांधणे शक्य असते.

परंतु हे अपवाद झाले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये अड्यार नदीला पूर आला, तेव्हा चेन्नईच्या मणपाक्कम भागातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात पाणी शिरले, जनरेटर बंद पडले आणि अतिदक्षता विभागातील १८ रुग्णांच्या मृत्यूची बातमी देशभर गेली. ते रुग्ण मुळातच अत्यवस्थ होते, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. असेलही, पण अत्यवस्थ माणसालाच तर विजेची गरज अधिक असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणला वेढले, तेव्हा तेथील एका कोविड रुग्णालयातही पाणी घुसले, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले. न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क, चेन्नई आणि चिपळूण. सोळा वर्षांत चार शहरे, आणि प्रत्येक वेळी विजेची साखळी कोठेतरी जमिनीलगतच तुटली. आपल्या गावच्या रुग्णालयाचा जनरेटर कोठे आहे, त्याचे डिझेल कोठे आहे आणि त्याची स्विच यंत्रणा कितव्या फुटावर आहे, हे पाहण्यास अभियंता असावे लागत नाही.

आगीचे गणित मात्र वेगळे. पूर तासांची मुदत देतो, आग मिनिटांचीही देत नाही. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहने ठेवण्याच्या त्या जागेत ज्वालाग्राही सामान साठवलेले होते. धूर वातानुकूलनाच्या मार्गांनी वर चढला, काचबंद इमारतीत कोंडला आणि सुमारे नव्वद माणसे गुदमरून मेली. त्यांतील बहुतेक बिछान्यावरून उठूही न शकणारे रुग्ण होते. शेजारच्या वस्तीतील तरुण धूर पाहून मदतीला धावले होते. काही विशेष नाही म्हणत सुरक्षारक्षकांनी त्यांना फाटकातून परत पाठवले. अग्निशामक दलाला वर्दी देण्यातही मौल्यवान वेळ गेला. केरळमधून आलेल्या दोन तरुण परिचारिकांनी आपल्या वॉर्डातील आठ रुग्णांना बाहेर काढले आणि पुन्हा आत गेल्या. त्या परतल्या नाहीत. परत पाठवलेले तेच तरुण पुढे भिंत चढून, काचा फोडून रुग्णांना बाहेर काढत होते. महाराष्ट्रानेही २०२१ या एकाच वर्षात भंडाऱ्यात दहा अर्भके, विरारमध्ये पंधरा आणि तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण आगीत गमावले. आगीच्या वेळी वरिष्ठांची परवानगी मागायला सवड नसते. रात्रपाळीच्या परिचारिकेला वॉर्ड रिकामा करण्याचा अधिकार आहे, हे तिला ठाऊक असले पाहिजे आणि आग लागली नव्हती असे नंतर निष्पन्न झाले तरी तिला कोणी जाब विचारणार नाही, याचीही तिला खात्री असली पाहिजे. संपूर्ण इमारत उतरून जाण्याऐवजी त्याच मजल्यावर, धूर रोखणाऱ्या दारापलीकडे रुग्णाला नेणे बहुधा अधिक शहाणपणाचे असते. पण त्यासाठी तसे दार असावे लागते, ते बंद होणारे असावे लागते आणि त्यापुढे जुनी कपाटे रचून ठेवलेली नसावी लागतात.

आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालचाच आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली रुग्णालयांच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कागद कमी पडलेले नाहीत. कमतरता आहे ती आकड्याची आणि नावाची. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे तेथील शाळकरी पोरेदेखील सांगतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ फूट हे आकडे घरोघरी पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तीही कोणी विसरलेले नाही. परंतु पाणी कितव्या फुटावर आले म्हणजे आपला अतिदक्षता विभाग हलवायला सुरुवात करायची, असा आकडा काठावरच्या प्रत्येक रुग्णालयाने लिहून ठेवला आहे काय? तो आकडा गाठला की मध्यरात्री आदेश देणारा माणूस कोण, तो गावात नसेल तर दुसरा कोण, हे ठरले आहे काय? ज्या रुग्णालयात रुग्ण न्यायचे त्याच्याशी लेखी बोलणे झाले आहे काय? आकडा आधी लिहिलेला असला की निर्णय घेणाऱ्याच्या खांद्यावरचा भार उतरतो. तो आपल्या मनाने घाबरला नाही, ठरल्याप्रमाणे वागला, असे त्याला सांगता येते. खासगी रुग्णालयांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. रुग्ण हलवले की उत्पन्न बुडते आणि रुग्णवाहिकांचा खर्च अंगावर येतो. तो खर्च कोणी सोसायचा, हे पूर आल्यावर ठरवू म्हणणे म्हणजे तो निर्णय होऊ नये याचीच तरतूद करणे होय.

यात समाजाचाही वाटा आहे. एका खिळलेल्या रुग्णाला तीन मजले उतरवायला चार ते सहा सशक्त माणसे लागतात आणि ती दर रुग्णामागे लागतात. इतके कर्मचारी रात्रपाळीला कोणत्याच रुग्णालयात नसतात. ढाकुरियाच्या वस्तीतील तरुणांसारखी माणसे प्रत्येक गावात असतात. व्यायामशाळांत, गणेशोत्सव मंडळांत, सेवाकार्य करणाऱ्या संस्थांत. पूर आला की ती धावतातच. पण चादरीची झोळी करून रुग्ण जिन्यावरून कसा उतरवायचा, मानेला आधार कसा द्यायचा, प्राणवायूचा सिलिंडर कसा उचलायचा, सलाइनची बाटली कोणी धरायची, हे वर्षातून एकदा त्याच रुग्णालयाच्या जिन्यावर करून पाहिलेले असेल, तर त्यांच्या धावण्याला अर्थ येईल. रुग्णालयांनीही फाटकावरील रक्षकाला अशा माणसांची ओळख करून द्यावी. नातेवाइकांचीही एक जबाबदारी आहे. कोरड्या अंगणात उभे राहून डॉक्टर जेव्हा आज संध्याकाळपर्यंत तुमच्या वडिलांना मिरजेला किंवा कराडला हलवायचे आहे असे सांगतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये, आणि पूर आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बिलावरून भांडूही नये.

मान्सूनपूर्व आढाव्याच्या बैठका जिल्ह्याजिल्ह्यांत मे महिन्यात होतात. नाले, धरणे, होड्या, वाळूची पोती यांचा हिशेब तेथे मांडला जातो. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतील प्रत्येक रुग्णालयाकडून त्या बैठकीत एकच कागद मागवावा. त्यावर पुलाजवळील पातळीचा आकडा, हलवण्यास लागणारे तास, जाण्याचा मार्ग, पलीकडच्या रुग्णालयाचे नाव आणि आदेश देणाऱ्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी असावेत. ज्यांच्याकडे तो कागद नसेल, त्यांच्या व्यवस्थापनाला जून उजाडण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावून घ्यावे.